जळक्या तलावाकाठी घेतलेलं नाव

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका दिवाळी अंकात माझा एक प्रवासलेख छापून आला होता. 'नव्या तांदळाचा भात' हे त्याचं नाव. देवरीच्या पलीकडे जंगलात असलेल्या जळक्या तलावाची आणि त्याच्या काठच्या गावांची ती हकिगत होती. लेख लोकांना आवडला. फुलचूरच्या माझ्या बियाण्यांच्या दुकानात येणारे शेतकरीसुद्धा पिशवी काउंटरवर ठेवून म्हणायचे, "मालक, तो भाताचा किस्सा लय भारी." मी हसायचो आणि पिशवीत बियाणं भरायचो.

त्या लेखातलं पाणी, दगड, मासोळी, रस्ते सगळं खरं होतं. खोटं होतं ते कारण. एक सोयरीक कशामुळे मोडली याचं जे कारण मी त्यात दिलं, ते मला ठाऊक असून खोटं दिलं. हे पुन्हा लिहायचं मी टाळत आलो. आधी दुकान होतं, मग गुडघे होते, मग मोतीबिंदू. आता दुकान मुलगा बघतो, डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे आणि पुढे करायला काही उरलेलं नाही. म्हणून तोच प्रवास पुन्हा लिहितो. जे त्या बाजूला कधी गेले नाहीत त्यांना वाट कळावी, आणि जे तो लेख वाचून एका माणसाला हसले त्यांना ते हसू मागे घेता यावं.

माझ्यासोबत माझा महाप्रसाद होता. हे त्याचं नाव नव्हे, आमचं नातं. छत्तीसगडच्या हद्दीकडच्या आमच्या गावांत दोन पोरांची मैत्री देवासमोर बांधण्याची रीत आहे. कुणी तिला मितान म्हणतं, कुणी महाप्रसाद. जगन्नाथपुरीहून कुणी आणलेला वाळवलेला प्रसादाचा भात दोघांनी एकमेकांना भरवायचा. तिथून पुढे मरेपर्यंत एकमेकांचं नाव तोंडात आणायचं नाही. हाक मारायची ती 'महाप्रसाद' अशीच. सुखदुःखात सख्ख्या भावासारखं उभं राहायचं. चुकून नाव निघून गेलंच, तर चारचौघांत नारळ फोडून हात जोडायचे.

आमच्या आयांनी आम्हाला तो भात एकमेकांना भरवायला लावला तेव्हा आम्ही शाळेतही जात नव्हतो. पुढे शाळेत गुरुजींनी मला विचारलं, "शेजारी बसून बडबड करतो तो कोण?" मी म्हणालो, "महाप्रसाद." वर्ग हसला. गुरुजींना वाटलं, मी थट्टा करतो. त्यांनी छडी घेतली. मी हातावर वळ उठेपर्यंत छड्या खाल्ल्या, पण नाव सांगितलं नाही. घरी आईने हाताला तेल लावता लावता ही गोष्ट साऱ्या टोल्याला, म्हणजे वस्तीला, ऐकवली.

म्हणून याही लेखात त्याचं नाव येणार नाही.

देवरी

आम्ही निघालो ते दिवाळी होऊन गेल्यावर, मंडईच्या दिवसांत. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी भरणारी जत्रा. आज या गावाची, उद्या त्या गावाची. दुकानं लागतात, दंडार हे लोकनाट्य होतं, घरोघरी पाहुणे उतरतात आणि पाहुण्यांमध्ये मुलामुलींच्या सोयरिकी निघतात. आमचा प्रवासही त्यासाठीच होता. महाप्रसादाची नात दुर्गा लग्नाची झाली होती. तिचे वडील, म्हणजे महाप्रसादाचा एकुलता एक मुलगा, ती लहान असतानाच गेले. आईने माहेरी जाऊन दुसरं घर केलं. आजोबांनीच तिला वाढवलं आणि गोंदियात ठेवून नर्सिंग शिकवलं. जळक्या तलावाच्या काठी एका गावात शेती करणारा एक मुलगा होता. फोटो पाहून झाले होते. दोघं फोनवर बोलतही होती. महाप्रसाद मला म्हणाला होता, "पोरगी फोनवर बोलून रायते तं हासते गा. घरात कोनी हासलेलं मी लय सालात आयकलं नाही." आता फक्त मोठ्यांनी जाऊन घर बघायचं आणि शब्द घ्यायचा बाकी होता.

मी फुलचूरहून गोंदियाला येऊन बस पकडली. तो आमगावला चढला. धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं आणि हातात पिशवी. पिशवीत दुर्गाने केलेले अनरसे होते. ते देवरी येईपर्यंत अर्धे संपले, कारण शेजारच्या दोन बायकांना, कंडक्टरला आणि एका रडणाऱ्या लेकराला त्याने वाटले. मी म्हणालो, "अरे, पाहुण्यायसाठी होते ना?" तो म्हणाला, "हे काय पाहुने नाही?"

देवरीच्या स्टँडवर गर्दी होती. धान कापणीची मजुरी करून परतणारे, मंडईला निघालेले, हमरस्त्यावरचे ट्रकवाले. मी पुढे जाऊन काळीपिवळी जीपमध्ये जागा धरली. तो सुपारी-तंबाखूचा खर्रा घ्यायला ठेल्यावर गेला आणि परत फिरला तर मी कुठल्या गाडीत ते त्याला दिसेना. नाव घ्यायची सोय नाही. मग तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडायला लागला, "महाप्रसाद! ओ महाप्रसाद!"

टोपली घेतलेली एक म्हातारी त्याच्याकडे वळली, "कोठं भेटून रायला जी?" तिच्यामागून आणखी तिघं-चौघं आले. एकाने हात धुवून पुढे केला. गाडीतला एक तरुण हिंदीत म्हणाला, "चाचा, कौन से मंदिर का है?" सगळी गाडी हसली. महाप्रसादही हसला. "मीच प्रसाद हाव," तो म्हणाला, "नेता का घरी?" म्हातारी म्हणाली, "नको बापा, घरी एक हाये, तोच पचत नाही."

मी मात्र पिशवीत तोंड घालून काहीतरी शोधत बसलो. हा प्रसंग मी त्या जुन्या लेखात खुलवून लिहिला होता. लिहिलं नव्हतं ते एवढंच, की मला तेव्हा त्याची लाज वाटली. आमच्या गावात जी हाक पाण्यासारखी सहज होती, ती गाडीतल्या लोकांच्या कानांनी ऐकल्यावर मला गावंढळ वाटली. पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथे आहे.

केवटटोला

काळीपिवळी जंगलातून तासभर आपटत आपल्याला केवटटोल्याला सोडते. मासेमारी करणाऱ्या ढिवरांची पंचवीस-तीस घरं. घरांच्या मागे जाऊन उभं राहिलं की तलाव दिसतो.

आमच्या सखल भागातले तलाव मातीची पाळ घालून बांधलेले असतात. पाळीवर झाडं, खाली धानाच्या शेतांच्या बांध्या आणि त्यांच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, तूर. जळका तलाव तसा नाही. त्याला पाळ नाही, तिन्ही बाजूंनी खडक आहे. काही ठिकाणी काळा, काही ठिकाणी भाजलेल्या विटेसारखा तांबडा. एका दगडावर दुसरा ठोकला तर खणखणीत आवाज येतो. जाणकार म्हणतात, हा ज्वालामुखीचा खडक आहे, फार जुना, त्या आगीचं आता नावनिशाण नाही. काठच्या लोकांची हकिगत वेगळी आहे. देवांच्या घरी लग्न होतं, तेव्हा इथे धान उकडलं. काठावर तीन मोठे दगड एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत, ती चूल. लग्न झाल्यावर राख काढली, तो खड्डा राहिला, त्यात पाणी साचलं. धानाच्या मुलखात ज्वालामुखीलासुद्धा धानच उकडावं लागतं.

शिंगाड्यांचे दिवस होते. एक ढिवरीण पातेल्यात शिंगाडे उकडून बसली होती. काळ्या सालीतून काढलेला गरम गर आम्ही उभ्यानेच खाल्ला. त्याला चव जवळजवळ नसते, थोडी मातीची, थोडी दुधाची, पण हात थांबत नाही. पलीकडच्या गावाला जायचा रस्ता लांबून होता, म्हणून तिनेच आम्हाला डोंग्यातून सोडायचं कबूल केलं. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं पोखरलेलं खोड. बसायचं ते मांडी घालून, हालचाल न करता.

पाण्याच्या मधोमध आल्यावर महाप्रसाद उभा राहिला.

"बस ना गा!" मी ओरडलो.

"दुर्गीचं सासर दिसते का पायतो."

डोंगा कलंडला, बाईने बांबू टेकवून सावरला, पण बचाकभर पाणी आत आलं आणि माझ्या मांडीवरची पिशवी भिजली. बाई म्हणाली, "बुवा, डोंग्यात बसाचं रायते. भाषन देयाचं असन तं काठावर जाऊन दे." तो मुकाट बसला. मग अगदी हळू आवाजात, पाण्याकडे पाहत मला म्हणाला, "घर चांगलं असन ना गा? पोरीले माह्यामागं कोनी नाही."

मी म्हणालो, "मी हाव ना."

हे मी म्हणालो होतो. तलावाच्या मध्यावर, त्या बाईच्या देखत.

त्या घरी

त्या गावाचं नाव लिहीत नाही. ती माणसं अजून तिथे आहेत. मुलाच्या आजोबांना देवाजी म्हणू. ते माझ्याच वयाचे, उंच, कमी बोलणारे. घर मातीचं पण प्रशस्त. अंगण शेणाने सारवलेलं. ओसरीत धान साठवायच्या दोन मोठ्या ढोल्या आणि मागे परसात, सांदवाडीत, वांगी आणि कोचईची, म्हणजे अळूची, हिरवी पानं. मुलगा आम्ही येताच बांधीतून धावत आला, हातपाय धुऊन पाया पडला आणि लाजून पुन्हा कामाला निघून गेला. मला तो आवडला. महाप्रसादाला इतका आवडला की तो बराच वेळ दाराकडेच पाहत राहिला.

संध्याकाळी दिवे लागल्यावर जेवायला बसलो. तलावाच्या लहान मासोळ्यांचा रस्सा, कोचईच्या पानांच्या वड्या आणि भात. भात थोडा चिकट झाला होता, नव्या तांदळाचा होतो तसा. आमच्याकडे धान पिकवणाऱ्या माणसाच्या भाताबद्दल बोलणं म्हणजे त्याच्या पगडीला हात घालणं. महाप्रसादाने पहिला घास घेतला आणि जे मनात आलं ते म्हणाला, "तांदूर नवा हाये. काऊन जी, जुना सरला का?"

स्वयंपाकघरात बांगड्या वाजायच्या थांबल्या.

जुन्या लेखात मी इथे थांबलो होतो. त्या वाक्यानंतरची शांतता, यजमानांचे पडलेले चेहरे, दुसऱ्या दिवशी मोडलेली सोयरीक, असा तो लेख संपला. वाचक पोट धरून हसले. त्या शांततेनंतर काय झालं ते मी गाळलं. ते असं:

देवाजी म्हणाले, "जुना हाये ना. पाहुन्यायसाठी ठेवला हाये. तुमी तं आता घरचे झाले."

महाप्रसाद मोठ्याने हसला. देवाजीही हसले. आतून मुलाची आई म्हणाली, "आजोबाले आनखी वाढा वो, नवा पचते का नाही पाहू." ज्या वाक्याने सोयरीक मोडली असं मी छापलं, त्या वाक्याने ती खरं तर जुळली होती.

जेवण झाल्यावर ओसरीत बसलो असताना देवाजींनी विचारलं, "तुमी दोघं महाप्रसाद ना?" महाप्रसादाने मान हलवली. देवाजींचाही एक मितान होता, केवटटोल्याचा, ढिवर. तो जाऊन बरीच वर्षं झाली. अजूनही दर मंडईला देवाजी त्याच्या बायकोसाठी लुगडं घेऊन जातात, तिच्या नातवांना स्वतःचे नातू म्हणतात. ते म्हणाले, "मंग मले आनखी चौकशी नाही कराची. ज्याचा मितान त्याच्यासंगं मानसाच्या दारात येते, त्याचं घर चांगलंच रायते. उद्या जेवन झाल्यावर साखर वाटू."

महाप्रसादाने उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "मासोळी तिखट होती."

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी गावाची मंडई होती. सकाळपासून रस्त्यावर फुगे, चिवडा, बांगड्या, लोखंडी विळे. देवाजींचे जावई नागपूरहून मोटारीने आले. ते तिकडे एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात. माझं नाव ऐकताच ते म्हणाले, "अहो, तुम्ही ते प्रवासवर्णनं लिहिणारे का? आमच्या घरी तुमचे लेख वाचतात."

बियाण्याच्या दुकानदाराला असं कुणी म्हणत नाही. मी एकदम ताठ बसलो. माझी भाषा बदलली. सकाळपर्यंत 'जाऊन रायलो' म्हणणारा मी आता 'आपण म्हणता ते अगदी बरोबर आहे' म्हणू लागलो. जावयांनी जळक्या खडकाबद्दल बरंच सांगितलं, थंड झालेल्या लाव्ह्याबद्दल, त्याच्या वयाबद्दल. मी माना हलवत राहिलो आणि मनात पुढच्या लेखाची वाक्यं जुळवत राहिलो.

दुपारचं जेवण झालं. अंगणात मी आणि जावई खुर्च्यांवर, महाप्रसाद जरा दूर मुलाच्या आईशी बोलत. तिथून त्याने हाक मारली, "महाप्रसाद, पान खातो का गा?"

जावई हसले. वाईट हसले नाहीत, कुतूहलाने हसले. "हे काय? ते तुम्हाला महाप्रसाद म्हणतात?"

मला देवरीचा स्टँड आठवला. पुढे केलेले ते हात आठवले. आणि मी म्हणालो, "अहो, ते होय. ते—" आणि मी त्याचं नाव घेतलं. आडनावासकट. "आमच्या गावचे आहेत. लहानपणी पोरांचे काही खेळ असतात ना, त्यातलं ते. खेड्यातले लोक अजून धरून बसतात."

सबंध आयुष्यात ते नाव मी पहिल्यांदा उच्चारलं. गुरुजींच्या छडीने जे निघालं नव्हतं ते एका मोटारवाल्या माणसाच्या हसण्याने निघालं.

महाप्रसादाने ऐकलं नाही. तो पानाला चुना लावत होता. पण माझ्या मागे दारात देवाजी उभे होते. त्यांच्या हातात साखरेची ताटली होती. ते तसेच वळले आणि आत गेले.

थोड्या वेळाने त्यांनी मला ओसरीत बोलावलं. ताटली दिसत नव्हती. हातात नारळ होता.

"मालक," ते म्हणाले, "तुमी त्याचं नाव घेतलं."

मी म्हणालो, "देवाजी, बोलता बोलता निघून गेलं."

"निंगून जाते. मानूस हाये." त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. "आंगनात जा, त्याच्यासमोर फोडा आन् मना, चुकलो. मंग मी साखर वाटतो."

एवढंच होतं. अंगण दहा पावलांवर होतं. पण अंगणात जावई बसले होते, त्यांचा मोबाइल हातात होता, आणि ते या सगळ्याकडे गंमत म्हणून पाहतील, कदाचित फोटोही काढतील, हे मला दिसत होतं. आत्ताच ज्याला मी पोरांचा खेळ म्हटलं होतं, त्यासाठी त्यांच्यासमोर हात जोडून नारळ फोडायचा होता.

मी म्हणालो, "या वयात काय हे, देवाजी. मी नंतर त्याला सांगेन." आणि नारळ ढोलीच्या झाकणावर ठेवला.

देवाजी माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे. मला वाटतं, ते वाट बघत होते. मग म्हणाले, "ज्याले त्याचा महाप्रसाद चार लोकायत आपला मनत नाही, त्याले मी सोयरा कसा मनू? माहीत नाही त्या घरात काय हाये, पर तुमाले माहीत असन." मी तेव्हाही म्हणू शकलो असतो की त्या घरात काही नाही, जे आहे ते माझ्यात आहे. त्यांना तेवढंच ऐकायचं होतं. मी चपला शोधू लागलो.

"मी त्याले सांगनार नाही," देवाजी म्हणाले. "तुमीच सांगजा."

आम्हाला निरोप देताना ते महाप्रसादाला एवढंच म्हणाले, "कळवतो." साखर वाटली गेली नाही. मुलाची आई दारापर्यंत आली, सासऱ्याच्या तोंडाकडे बघून परत गेली.

परतीच्या वाटेवर

जावयांनी आपल्या मोटारीतून आम्हाला देवरीपर्यंत सोडलं. रस्ताभर ते माझ्याशी लेखनाविषयी बोलत होते. महाप्रसाद मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. बसमध्ये बसल्यावर त्याने तोंड उघडलं.

"काऊन गा, साखर काऊन नाही वाटली?"

मी म्हणालो, "कळवतो म्हणाले ना."

"कळवतो मन्ते तो नाहीच मन्ते." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. कापलेल्या बांध्या, धानाचे भारे, भाऱ्यांवर बसलेले बगळे. "मी भाताचं बोललो ना काल, त्याच्यानं असन. हासले खरे, पर मनात रायलं असन. माहं तोंडच खराब हाये गा, महाप्रसाद."

आमगाव यायला अजून वेळ होता. बस जवळजवळ रिकामी होती. सांगायला याच्याइतकी चांगली जागा मला पुढे कधी मिळाली नाही.

मी म्हणालो, "असन."

त्या एका शब्दावर तो पुढची सगळी वर्षं जगला. निरोप आला तो असा की मुलगा एवढ्यात लग्न करत नाही म्हणतो. पुढच्या वर्षी त्या मुलाचं लग्न दुसरीकडे झालं. आणि मी? मी लेख लिहिला. त्याच्याच तोंडचं कारण मी त्याच्याच नावावर छापलं. त्यात त्याचं नाव पानोपानी घातलं, कारण संपादक म्हणाले होते की 'महाप्रसाद' वाचकांना कळणार नाही. गावात पोरं त्याला विचारू लागली, "बुवा, तांदूर नवा का जुना?" लग्नाच्या पंगतीत त्याच्या पानावर भात वाढताना वाढपी थांबायचे आणि सगळे हसायचे. हळूहळू तो पंगतीला जाईनासा झाला.

तो अंक दुर्गानेच त्याला वाचून दाखवला. मी भेटायला गेलो तेव्हा तो म्हणाला, "माहं नाव छापलं गा तू. छापलेल्या नावाले नारळ लागते का नाही, कोनाले इचाराव?" आणि हसला. दुर्गा चुलीपाशी होती. ती हसली नाही. पुढे तिने रायपूरला दवाखान्यात नोकरी धरली. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "आता नको." आता तिथेच असते. बरी असते, असं सांगतात. माझ्याशी चांगलं बोलते, पाया पडते. तिने मला कधी काही विचारलं नाही, आणि त्यामुळे तिला काय माहीत आहे आणि काय नाही हे मला कळत नाही.

जळक्या तलावाकडे मी पुन्हा गेलो नाही. तुम्ही जा. दिवाळीनंतर जा, शिंगाडे असतात, पाणी स्वच्छ असतं, आणि ढिवरीण अजूनही पलीकडे सोडते म्हणतात. दगडावर दगड ठोकून पाहा.

महाप्रसाद आता नाही. तो गेला तेव्हा रीतीप्रमाणे मीही मुंडन केलं, भाऊ करतो तसं. लोक म्हणाले, अशी मैत्री आता कुठे राहिली. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्याच्या आधीची एक दुपार सांगायची राहिली आहे.

तो अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी गावी गेलो. वाटेत वाक्य घोकत होतो. महाप्रसाद, भातानं नाही मोडली, मी मोडली. एवढंच बोलायचं होतं. अंगणात मोहाच्या झाडाखाली त्याची खाट टाकली होती. दुर्गा रजा घेऊन आली होती, ती मला पाणी देऊन आत गेली. आम्ही दोघंच होतो. तो फार वाळला होता. मी त्याचा हात हातात घेतला, घसा साफ केला. तेवढ्यात तोच बोलायला लागला.

"एक सांगाचं होतं गा."

"सांग."

"त्या देवाजीच्या घरी... तू एवढा मोठा मानूस, लेखक, माह्यासंगं आला. आन् मी भाताचं बोलून बसलो. तुही मान खाली गेली त्या लोकायत. दुर्गीचं झालं ते झालं, तिचं नशीब. पर तुही मान खाली गेली, ते मले लागून रायलं." त्याला दम लागला. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. "माफ कर गा मले, महाप्रसाद."

मी वाट पाहिली. घोकलेलं वाक्य येईल म्हणून वाट पाहिली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, लहान मुलासारखा.

मी म्हणालो, "जाऊ दे गा. मी तं कवाच माफ केलं."

त्याला बरं वाटलं. त्याने डोळे मिटले.